लेकीने आवळलेला बोल्ट

मायबापहो, धरून ठेवणे सर्वांनाच येते, सोडणे कठीण. आणि सोडवणे हा ज्याच्या हातचा मळ, त्यालाच ते एकदा किती जड गेले, त्याची ही हकिगत.

त्यांना सारी गल्ली फिटरकाका म्हणे. उभा जन्म कारखान्यातल्या यंत्रांपाशी गेला. गंजलेला बोल्ट म्हणजे रुसलेले लेकरू, असे ते मानीत. त्याच्या अंगावर धावून जाऊ नये, त्याला गोंजारावे. तारेच्या ब्रशने गंज झाडावा, तेल सोडावे, मुरू द्यावे, हातोडीने हलकेच टकटक करावी. मग पाना लावून बोल्ट आधी केसभर आवळावा, म्हणजे गंजाची पकड तुटते. आणि तेव्हा कुठे उलट फिरवून सोडवावा.

ही विद्या त्यांनी एकुलत्या एका लेकीला दिली. लेकीची एकच खोड: बोल्ट आवळताना शेवटचा हिसका ती सारे अंग टाकून देई.

“अगं, उघडणाऱ्याची तरी कीव कर!” काका ओरडत.

“उघडणार कोण? तुम्हीच ना? मग करा की कष्ट!” असे म्हणून ती तेलकट हातानेच बापाचे नाक ओढी.

अशी ही लेक साध्या तापाचे निमित्त होऊन गेली. मागे राहिले आईबाप, जावई, आणि तिची जुनी गाडी.

जावयाला दूरच्या गावी नोकरी लागली. गाडी घेऊनच जायचे होते. पण चाकाचे धक्के झेलणारा पुढचा शॉकअप गळत होता, लहानशा खड्ड्यातही गाडी उसळे. काका म्हणाले, “गॅरेज कशाला? अंगणात मीच करून देतो.” गाडी जॅकवर चढली, खाली लाकडी ठोकळे बसले. वरचे बोल्ट निमूट निघाले. खालचा मात्र चार दिवस झाले तरी हलेना. तो लेकीने बसवलेला होता.

जावई रोज संध्याकाळी येई, जेवे, उशिरापर्यंत बसे. घरात पुन्हा तीन ताटे मांडली जात.

“मामा, परवा निघायचंय मला. गॅरेजवाल्याला बोलावू का? कापून काढेल तो.”

“कापायचं? माझ्या अंगणात? जावईबापू, घाई मला सांगू नका. तेल मुरू द्या.”

“अहो, एवढ्या तेलात आठवड्याचा स्वयंपाक झाला असता!” काकू म्हणाल्या. जावई हसला, काका हसले नाहीत.

दुसऱ्या सकाळी काका गाडीखाली शिरले आणि काकू बॅटरी धरून शेजारी बसल्या. ब्रश झाला, तेल झाले, टकटक झाली. काकांनी पाना लावला, केसभर आवळला, आणि काढून घेतला. पुन्हा लावला, पुन्हा आवळला. उलट फिरवलाच नाही.

काकूंनी बॅटरीचा झोत पान्यावर रोखला.

“अहो, जन्म गेला माझा तुम्हाला उजेड दाखवण्यात. आवळणं कुठलं नि सोडवणं कुठलं, एवढंही कळत नाही होय मला?”

गाडीखालून आवाज आला, तो ओळखू येत नव्हता.

“तिच्या हाताचं एवढंच राहिलंय गं. हा निघाला की गाडी जाईल, जावई जाईल. मग आपल्याकडे यायचं कोण?”

“कोणी नाही,” काकू म्हणाल्या. डोळे वाहत होते, पण शब्द ढळला नाही. “पण ती गेली म्हणून त्या पोराने इथे गंजत बसायचं? सोडा त्याला. तुमच्या पाया पडते, सोडा.”

काकांनी पान्याच्या दांड्यावर पाईप चढवला. डोळे मिटले, ओठांत देवाचे नाव घेतले, आणि ओढले. कडाड्कन आवाज झाला. बोल्ट सुटला. उजेडात धरून पाहिला, तर आटे फाटलेले. लेकीने ते नीट बसवले होते. बापाने रोज आवळून आवळून फाडले. बाप त्या फाटलेल्या आट्यांवरून अंगठा फिरवत राहिला.

संध्याकाळी नवा शॉकअप बसला. नवा बोल्ट हाताने घालून काकांनी पाना जावयाच्या हाती दिला. “आता तुम्ही आवळा. उद्या वाटेत सैल झाला, तर तुमचा तुम्हाला काढता-घालता आला पाहिजे.” जावयाने आवळला. मग पाना खाली ठेवून तो काकांच्या खांद्यावर डोके टेकून लहान मुलासारखा रडला.

सकाळी गाडी निघाली. गल्लीच्या तोंडाशी मोठा खड्डा होता. काका फाटकाशी कान देऊन उभे राहिले. चाक खड्ड्यात उतरले, वर आले. गाडी उसळली नाही, कुठे खडखड झाली नाही. वळणावरून ती दिसेनाशी झाली.

“नीट झालंय ना काम?” काकूंनी विचारले.

“नीट झालंय,” काका म्हणाले. “आता परत आणायची गरज नाही पडणार.”

आणि फाटकाची कडी लावायला गेले, तर त्यांच्या बोटांनी ती काही केल्या लागेना.