टाय घालून बायकांच्या कार्निव्हलला

सौदीतल्या राबिगहून निघालो तेव्हा मी सुटात होतो. शुक्रवारची सुट्टी, बाहेर वाळवंटाचं ऊन आणि गळ्यात मेहुण्याच्या लग्नातला रेशमी टाय! थुवालला ब्रिगिटेकडे कार्निव्हलच्या जेवणाला जायचं होतं. ही पूर्वी आमची शेजारीण. आता तिथल्या विद्यापीठात शिकवते. जर्मन माणसं शिस्तीची, त्यांच्यापुढे आपण गबाळे दिसू नये, हा माझा विचार.

"अहो, कार्निव्हल आहे, ऑफिसची मीटिंग नाही," माझी बायको मधुरा म्हणाली. मी नेहमीप्रमाणे ऐकलं नाही.

वाटेत आमचा जुनाच वाद निघाला. मधुरा दातांची डॉक्टर. थुवालच्या एका दवाखान्याने तिला नोकरी देऊ केली होती आणि रविवारी उत्तर द्यायचं होतं. रोज जायचं तर गाडी तिनेच चालवायला हवी. लायसन्स काढून ठेवलेलं होतं, पण किल्ली कायम माझ्या खिशात.

"तू हायवेला गाडी घेतलीस की माझा जीव टांगणीला लागेल," मी म्हणालो. हे वाक्य मला फार प्रेमळ वाटायचं. मधुरा खिडकीतून उंट बघत राहिली.

उजवीकडे समुद्र दिसू लागला. विद्यापीठाच्या गेटवर इकामा (राहण्याचा परवाना) दाखवून आत गेलो. दार उघडताच ब्रिगिटे मला बघून आनंदाने ओरडली. स्वागत जोरदार आहे, असं वाटेपर्यंत कात्री चालली आणि माझा टाय अर्धा झाला. भरपाई म्हणून गालावर मुका देतात म्हणे. ती पुढे झाली. मी घाबरून नमस्कार केला. बाकीचे नवरे जुने, विटके टाय घालून आले होते.

"वायबरफास्टनाख्ट!" (बायकांचा कार्निव्हल) ती म्हणाली. ख्रिस्ती उपासांचे दिवस सुरू होण्याआधीचा हा गुरुवार. इथे सुट्टी बघून शुक्रवारी साजरा होतो. जेवताना तिने बॉनजवळच्या धोबिणींची गोष्ट सांगितली. बायका घरी कपडे घासत. नवरे ते धुतलेले कपडे कोलोनला पोचवायला जात आणि तिथे कार्निव्हलची चैन करून येत. शेवटी बायका भडकल्या. त्यांनी आपली समिती काढली, स्वतःचा सण सुरू केला. आता त्या दिवशी बायका नगरपालिकेवर चाल करून किल्ली ताब्यात घेतात. टाय म्हणजे पुरुषांचा रुबाब, म्हणून तो कापायचा.

"इथे नगरपालिका कुठली? गाडीच्या किल्ल्या टाका," म्हणत तिने टोपली फिरवली. मीही हसत टाकली. मग बर्लिनर (जॅम भरलेला तळलेला गोड पाव) आला. गंमत म्हणून एकात मोहरीची चटणी भरतात. तो कुणाच्या वाट्याला आला, हे सांगायला नको. मी पाणी शोधेपर्यंत बायकांनी किल्ल्या वाटून घेतल्या.

निघताना मी मधुरापुढे हात पसरला.

"दिवस संपलाय कुठे अजून?" म्हणत ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. सगळे बघत होते. अर्धा टाय घालून भांडणार तरी कसं?

मी शेजारी बसलो. पट्टा दोनदा ओढून पाहिला. ट्रेलर दिसला की पायाने ब्रेक शोधायचो, आणि माझ्या बाजूला ब्रेक नव्हता. त्यापुढच्या रस्त्याचं वर्णन मला करता येत नाही, कारण डोळे उघडले तेव्हा गाडी आमच्या दारात उभी होती.

"तोंड उघडं टाकून झोपलात," मधुरा गाडी बंद करत म्हणाली. "रविवारी मी हो सांगतेय."

मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, बरंही वाटलं. तिला अडवायला माझ्याकडे एकच कारण होतं, आणि ते मी वाटेत झोपून घालवलं होतं.