तंबूत साडी कशाला?

आमच्या घरात विनाकारण कुणी गोड बोलत नाही. त्यामुळे दादा जेव्हा म्हणाला, "चला, पैनगंगेकाठी कॅम्पिंगला जाऊ," तेव्हाच माझ्या कपाळावर आठी पडली. लातुरातल्या लातुरात लग्नाला जायचं तरी ज्याचं दुकानातून पाऊल निघत नाही, तो हिमायतनगरच्या पुढं डोंगरात, जंगलात, तंबूत राहणार?

"काय हाय तिथं?" मी विचारलं.

"नदी हाय, झाडं हायेत. तू नुसत्या शंका काढून राहिलीस."

शंका काढायचाच तर पगार घेते मी. क्लासमध्ये शिकवते आणि परीक्षेला पहारा देते. कोण कुणाच्या पेपरात डोकावतंय ते मला पाठमोरी असले तरी कळतं. शिवाय घरच्यांनी मला दर खेपेला फसवूनच दाखवलंय. निलंग्याला वास्तुशांतीला म्हणून नेलं, तर सोफ्यावर मुलगा आणि त्याची आई. नांदेडला डोळे तपासायला म्हणून नेलं, तर डॉक्टरच मुलगा! कमाल आहे की नाही? आणि दर खेपेला मी "पसंत नाही" म्हणून मोकळी झाले. खरं कारण एकच. बाबा गेल्यापासून घरात आई आणि मी दोघीच. दादा-वहिनी दुकानाच्या वर वेगळे राहतात. मी सासरी गेले की आई एकटी पडणार. पण हे कधी कुणाजवळ बोलले नाही.

निघायच्या दिवशी वहिनीच्या पिशवीत मला इस्तरी केलेली मोरपंखी साडी सापडली.

"वैनी, तंबूत साडी कशाला?"

"असू द्या की. लागली तर," म्हणत तिनं घाईघाईनं पिशवी ओढून घेतली.

लागली तर म्हणे! अस्वलाला दाखवायचा कार्यक्रम होता की काय? नांदेड मागं पडलं, भोकरला चहा झाला, तरी आई आपली खिडकीबाहेरच बघत राहिली. तिचाही यात हात असणार, हे मी धरूनच चालले होते.

जागा मात्र सुंदर होती, खोटं कशाला बोलू. चहूकडे साग, खाली खडकांतून वाहणारी नदी आणि काठावर मोजके तंबू. पण मी कुठली झाडं बघते? मी माणसं बघत होते. कॅमेरावाला एकजण होता, त्यानं बायकोला हाक मारली, खोडला. दोघं मित्र होते, कॉलेजातले निघाले, खोडले. उरला शेवटचा तंबू. त्याची चेन बंद होती आणि दादा सारखा तिकडेच बघत होता. सापडलास, म्हटलं मनात.

सकाळी नदीवर तोंड धुवायला गेले. खडकावर एक गृहस्थ डोळे मिटून बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, डाव्या तळहातावर इष्टलिंग, शांतपणे पूजा चाललेली. म्हणजे आपल्यातलेच, लिंगायत! शेवटच्या तंबूतले हेच. आणि केस? पार पांढरे. माझं डोकंच फिरलं. तरणे संपले, आता पेन्शनवाले दाखवायला लागले मला!

तरातरा वर आले. दादा दात घासत होता.

"लाज वाटत न्हाई का रे? बापाच्या वयाचा शोधलास माझ्यासाठी?"

दादा ब्रश तोंडात धरून तसाच उभा राहिला. वहिनीला आधी हसू फुटलं, मग तिनं तोंडावर हात धरला. तेवढ्यात आमच्या तंबूची चेन सरकली आणि आई बाहेर आली. मोरपंखी साडी नेसली होती ती.

बाबा गेल्यापासून आई नुसत्या फिकट साड्या नेसायची. आज पदर सारखा करत ती माझी नजर टाळत होती, कॉपी करताना पकडलेल्या मुलीसारखी.

"तुला सांगायची हिंमत झाली न्हाई गं," ती म्हणाली. "उदगीरचे हायेत. फोनवर बोलणं होतंय आमचं. त्यांची बायको जाऊन लई वर्षं झाली. लातुरात भेटलो असतो तर गल्लीभर झालं असतं, म्हणून एवढ्या लांब."

मला राग आला. खूप आला. जिच्यापायी सगळ्यांना नाही म्हणत बसले, तिनंच हे करावं?

"मग मला कशाला आणलंस?"

"तुझा दादा भोळा हाय. खोटं माणूस तुलाच कळतंय. तू बघ, विचार काय ते. तू न्हाई म्हणलीस की गाडीत बसू." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि तू माझ्यापायी अडकलीस, ते काय मला दिसत न्हाई व्हय?"

चहा मीच खाली नदीवर नेला. गृहस्थ गडबडीनं उठून उभे राहिले. मी मुलाकडच्यांसारखी सरळ सुरुवात केली.

"स्वयंपाक येतो का?"

"पिठलं येतंय. भाकरी वाकडी होती."

"राग येतो?"

"हाव. भूक लागली की."

त्यांनी घाईनं कप घेतला तो चहा बोटांवर सांडला. पहिल्यांदा ट्रे धरला तेव्हा मीही असाच सांडला होता. तरी मी सोडलं नाही.

"आईचं काय आवडलं नाही तुम्हाला?"

त्यांनी कप खडकावर ठेवला. "त्या तुम्हाला लई भितात."

एवढं ऐकल्यावर पुढं विचारण्यासारखं काही उरलं नाही.

वर आले तर तिघंही तंबूपाशी उभे होते, निलंग्याला, नांदेडला माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे तसेच. आई दादाच्या मागं होती. आई एकटी पडेल म्हणून मी थांबले होते, आणि आता घरात एकटी राहणार होते मी.

"मुलगा पसंत हाय," मी म्हणाले.