बाईंचा कबुलीजबाब

लोकांना मोठे गुन्हे ऐकायचे असतात. मला मात्र आधी आठवतो तो निवृत्तीच्या आदल्या वर्षी नौपाड्यात झालेला एक लहानसा अपघात. इतक्या सहज मिळालेला आणि इतका चुकीचा कबुलीजबाब पोलिसातल्या साऱ्या नोकरीत मी दुसरा पाहिला नाही.

सकाळी दहाच्या सुमारास ठाणे अंमलदारांनी मला निरोप दिला. सिग्नलपाशी हळू येणारी एक हायब्रीड गाडी थांबलीच नाही आणि रस्ता ओलांडणाऱ्या बाईंना धडकली. जखमी बाई कोपरीत राहणाऱ्या. बाळंतिणींना आणि बाळांना मालिश करून पोट भरत होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. धडक मोठी नव्हती, पण पडताना त्यांनी हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. ज्या हातावर घर चालत होतं, तोच हात.

गाडी चालवत होत्या सदुसष्ट वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका. शेजारी अर्धांगवायू झालेले त्यांचे यजमान होते. आठवड्यातून तीनदा त्या त्यांना व्यायामोपचारासाठी नेत. मी जबाब घ्यायला बसलो, तेव्हा मी काही विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, "माझा पाय चुकला, साहेब. ब्रेकऐवजी दुसरीकडे पडला असणार. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. वर्षभरापूर्वी त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली होती. वय दिसत होतं. मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली आणि ब्रेक चालू स्थितीत असल्याचा शेरा दिला. गुन्हा दाखल होता, कबुली होती, शेरा होता. दोषारोपपत्र आठवड्यात गेलं असतं.

चौथ्या दिवशी एक रिक्षावाला ठाण्यात आला. अपघाताच्या वेळी तो गाडीच्या मागेच होता. साक्षीदार व्हायची त्याची इच्छा नव्हती, तारखांना हेलपाटे कोण घालणार, असं तो आधीच बोलून गेला. तरी मन खात होतं म्हणून आला होता. "साहेब, मागचे लाल दिवे लागलेले," तो म्हणाला. "बाईंनी ब्रेक मारलेला. गाडी थांबलीच नाय."

लाल दिवे लागले होते, म्हणजे पाय ब्रेकवरच होता.

मी त्याच संध्याकाळी शिक्षिकाबाईंच्या घरी गेलो. यजमान खिडकीशी बसले होते. अपघातापासून त्यांचा व्यायाम बंद होता, कारण गाडी ठाण्यात जमा होती आणि ती परत मिळाली तरी चालवायची नाही, असं बाईंनी ठरवलं होतं. रिक्षात त्यांना चढवता येत नव्हतं. मी बाईंना एवढंच विचारलं की आधीच्या दिवसांत गाडीत काही वेगळं जाणवलं होतं का.  त्या म्हणाल्या की सर्व्हिसिंगहून आल्यापासून ब्रेक मऊ लागत होता. कळव्याच्या गॅरेजवाल्यांना त्यांनी फोन केला होता. ते म्हणाले, हायब्रीडचा असाच असतो.

"हे तुम्ही जबाबात का नाही सांगितलंत?"

"ते वीस वर्षं आमच्या गाड्या बघतायत. मला वाटलं, गाडी बरोबर असणार, माझाच पाय कमजोर झालाय."

यजमानांना बोलायला त्रास होई. तरी ते एक एक शब्द जुळवत म्हणाले, "तिचा पाय... पक्का आहे."

दुसऱ्या दिवशी मी निरीक्षकांना पुन्हा बोलावलं. गाडी ठाण्याच्या आवारात उभीच होती. या वेळी त्यांनी सवयीप्रमाणे पेडल भराभर न दाबता एकदाच, सावकाश दाबलं. ते जवळजवळ तळाशी गेलं. दुसऱ्यांदा थोडं वर लागलं, तिसऱ्यांदा घट्ट. मग ते दाबून धरलं, तर जागचं हललं नाही. निरीक्षकांचा चेहरा उतरला. दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेलं असतं तर आतली रबरी सीलं गेली आहेत असं म्हटलं असतं, त्यांनी मला समजावलं. चाकांपाशी कुठे गळतीही नव्हती. दोन-तीनदा दाबल्यावर वर येतंय, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांत हवा आहे. अशा गाडीत वेग कमी करायचं सुरुवातीचं काम विजेची मोटर करते, त्यामुळे चालवताना दोष कळत नाही. चाकांचे ब्रेक लागतात ते शेवटच्या थोड्या अंतरात, आणि तिथेच हवा दगा देते. "पहिल्या वेळी मी तीनदा दाबून बघितलं होतं," ते म्हणाले, आणि नवा अहवाल स्वतःच्या हाताने लिहिला.

गॅरेजवाल्यांना चौकशीला बोलावलं. पन्नाशीचे, नीटनेटके गृहस्थ. आवाज चढवायची गरजच पडली नाही. मी बाईंचा पहिला जबाब त्यांच्यासमोर ठेवला आणि वाचायला सांगितलं. त्यांनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "ब्रेकचं ऑइल मीच बदललं. या गाडीला कॉम्प्युटर जोडून आतली हवा काढावी लागते. माझ्याकडे तो नाही. जुन्या पद्धतीनं केलं. पेडल मऊ लागलं, ते मला कळलं होतं. मला येत नाही, एवढं म्हणायची लाज वाटली."

पुढे न्यायालयात जे व्हायचं ते रीतसर झालं. गॅरेजवाल्यांनी चूक नाकारली नाही.

दोष त्यांच्या पायाचा नव्हता, हे बाईंना मी स्वतः सांगायला गेलो. त्या यजमानांच्या गळ्याभोवतीचा मफलर उगाच सारखा करत राहिल्या. पण गाडी दुरुस्त होऊन आली तरी त्या चालवायला बसेनात. शेवटी मावशींनीच त्यांना उठवलं. प्लास्टर निघालं होतं, हाताला व्यायाम हवा होता. त्यांनी फोन करून बाईंना सांगितलं, "रिक्षात हादरे बसतात हो. तुमीच न्या मला." नंतर एकदा सिग्नलला मला ती गाडी दिसली. मागे यजमान, पुढे बाईंच्या शेजारी मावशी, आणि दोघींचं काहीतरी बोलणं रंगलेलं.

गुन्हा नाकारणाऱ्याचा शब्द कसा तपासायचा, हे आम्हाला प्रशिक्षणातच शिकवतात. कबूल करणाऱ्याचा शब्द तपासायला कुणी शिकवत नाही. काही माणसं आयुष्यभर इतरांवर विश्वास ठेवत येतात आणि काही बिघडलं की पहिला संशय स्वतःवर घेतात. अशा माणसाची कबुली कागदावर उतरवायला दहा मिनिटं लागतात. माझ्या हातून ती तशीच पुढे गेली असती, तर एक भली बाई उरलेलं आयुष्य स्वतःच्या पायाला दोष देत बसली असती, आणि मला त्याचा पत्ताही लागला नसता.