चौथ्या फर्म्याची जागा

अमेरिकेत मिझुरीतल्या इंडिपेन्डन्स गावी मॉर्मन या नव्या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींचा छापखाना होता, तेव्हा झिल्फा पेटिंगिल तिथे छापलेल्या तावांच्या घड्या घालायची. एका तावाची घडी म्हणजे पुस्तकाचा एक फर्मा. तिचा नवरा असाहेल अक्षरांच्या खिळ्यांना शाई लावायचा. कागद महाग, म्हणून छपाईत चुकलेला तावही तिथे कधी फेकत नसत. तोही मुकाट पुस्तकात जायचा.

पंथाच्या पैगंबराला झालेल्या साक्षात्कारांचं पुस्तक छापलं जात होतं. पाच फर्मे छापून झाले, शेवटचं वाक्य पुढच्या फर्म्यात पुरं व्हायचं होतं, तेवढ्यात गावकऱ्यांचा जमाव चालून आला. मॉर्मन गावात नकोत म्हणून त्यांनी छापखाना मोडला आणि कागद रस्त्यावर भिरकावले. झिल्फाने एप्रनच्या ओच्यात मावतील तेवढे भरले आणि जीव मुठीत धरून पळाली.

पुढे सगळ्याच मॉर्मनांना नदीपार हाकललं. ओंडक्यांच्या झोपडीत असाहेलने तापाने अंथरूण धरलं. तो आता उठत नाही, हे दोघांनाही कळून चुकलं होतं.

"शाई माझी, घड्या तुझ्या," तो म्हणायचा. "एकदा पुस्तक म्हणून हातात दे."

झिल्फाकडे बाकी चार फर्मे होते, चौथा फर्मा नव्हता. वस्तीत ज्यांच्याकडे तो होता, त्यांनीही जिवावर उदार होऊन वाचवलेला. मागायला तिची जीभ रेटेना.

एका दुपारी दारात टॅलबटबाई उभी. ही इंडिपेन्डन्सची, मॉर्मन नव्हे. झिल्फा तिच्याकडून अंडी घ्यायची. तिचा थोरला मुलगा त्या जमावात होता.

"आत घेतेस, की इथेच गोठवतेस?"

"थोरल्याला ठाऊक आहे का, तुम्ही इथे आलात ते?"

"त्याला कशाला सांगू? अंडी विकायला जाते म्हटलं." तिने टोपलीतल्या गवताखालून कागद काढले. "बंदुकीत ठासायला आणले होते मेल्याने. मला अक्षर कळत नाही, पण घडी कळते. अशी घडी तुझ्याशिवाय कोण घालतंय? पिठाच्या पिंपात लपवून ठेवले. नदीवरचा नावाडी म्हणाला, तू रस्त्यावर पडलेल्या कागदांची चौकशी करत्येस. हेच ना?"

झिल्फाने पाहिलं. पाचवा फर्मा होता. तिच्याकडे होता तोच.

"हेच," ती म्हणाली. सुई ओवून तिने बाईच्या देखत तो चौथ्याच्या जागी शिवला. बाई समाधानाने अंडी ठेवून गेली.

संध्याकाळी असाहेल पानं उलटत तिसऱ्या फर्म्याच्या शेवटी थबकला.

"हा पाचवा आहे, झिल्फा. पुढे पुन्हा तोच."

"माहीत आहे. टॅलबटबाईने आणला, पोराच्या नकळत. उसवू का?"

असाहेलने पानावर हात ठेवला.

"उसवू नकोस. चुकलेला ताव आपण कधी टाकला नाही. हा तर चुकलेलाही नाही."

वसंत यायच्या आत तो गेला. पुस्तक हाताशीच होतं.

दीड-दोन वर्षांनी ओहायोत तेच साक्षात्कार वाक्यं सुधारून, भर घालून नव्याने छापले. "सिस्टर झिल्फा, आता ते विचित्र पुस्तक टाक की," पंथातल्या बाया चिडवायच्या. तिने नवं आनंदाने घेतलं, वाचायचीही तेच. पण जेवणाआधी देवाचे आभार मानताना तिचा हात जुन्यावर असायचा, आणि त्या आभारांत पहिलं नाव एका अंडीवालीचं.