हाकेला ओ

८ जून १८९६ रोजी हवाई प्रजासत्ताकाने एक कायदा मंजूर केला. त्यातल्या एका कलमानुसार बेटांवरील सर्व सरकारी व खासगी शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरले. हवाईयन बोलणाऱ्या मुलाला शिक्षा करावी, असे त्या कलमात लिहिलेले नाही. लुइका कावेहेनाचे वडील मात्र शाळेत हातावर बसलेल्या पट्टीबद्दल बोलत, कलमाबद्दल नव्हे. घरात ते सख्ख्या भावाशी हवाईयनमध्ये भांडत आणि मुलांशी इंग्रजीत बोलत. त्यामुळे ही भाषा खास भांडणासाठी राखून ठेवलेली असावी, असे लुइकाला बरीच वर्षे वाटत असे.

लुइकाचा जन्म १९५७चा, हामाकुआ किनाऱ्यावरच्या साखर कारखान्याच्या कामगार वस्तीतला. वडील कारखान्यात होते; पुढे तीही तिथल्या खानावळीत लागली. कारखाना बंद पडल्यावर तिने बेटाच्या कोरड्या बाजूच्या एका हॉटेलात चादरी धुण्याचे काम धरले. उजाडण्यापूर्वी बस पकडायची आणि दिवेलागणीला परत यायचे. २००१ साली ऊस वाहणाऱ्या गाड्यांच्या जुन्या शेडमध्ये शाळा निघाली. पैसा सरकारचा, फी नाही, पण कारभार स्वतःच्या सनदेवर आणि शिकवणे हवाईयनमधून. लुइका तिथे स्वयंपाकाला आली. पहिल्या वर्षी भात शिजत असताना ती बालवर्गाच्या मागच्या रांगेत, गुडघे हनुवटीला लागतील अशा बुटक्या खुर्चीवर बसू लागली. चव्वेचाळीसाव्या वर्षी पाच वर्षांच्या मुलांबरोबर ती आपल्या वडिलांची भाषा शिकली. मुले तिच्या चुका सुधारत आणि बदल्यात जास्तीचा मासा मागत.

त्या शाळेत कुणी सरळ आत शिरत नाही. फाटकाबाहेर उभे राहून चार ओळींच्या गाण्यात आत येण्याची परवानगी मागायची. आतून कुणीतरी गाऊन ओ द्यायचा, आणि मग पाऊल उचलायचे. मुले हे रोज सकाळी करतात. नव्या बालवर्गाच्या आईबापांना मात्र हे एकदाच, जुलैतल्या ओळखीच्या शनिवारी, अख्ख्या गावासमोर करावे लागते. हाक जमली नाही तर आतून उत्तर येत नाही. बाहेरच्यांनी पुन्हा मागायचे. लुइकाचा आवाज शेडच्या पत्र्यापर्यंत पोचणारा होता, म्हणून दुसऱ्या वर्षापासून ओ देण्याचे काम तिच्याकडे आले. ते तिने कुणाला दिले नाही, आणि कुणी मागितलेही नाही.

२०१७च्या जुलैत तिने पालकांना तीनदा हाक घालायला लावली. तिसऱ्या वेळी एक कुटुंब गाडीत बसून निघून गेले ते परत आलेच नाही. बालवर्गात आधीच मुले कमी होती. ते एक मूल गेल्याने वर्ग पहिलीला जोडावा लागला आणि बालवर्गाच्या बाईंना होनोलुलूत नोकरी शोधावी लागली. लुइकाला कुणी दोष दिला नाही. न दिलेला दोष तिने वर्षभर उराशी बाळगला. तशीही तिच्या पायाला भिंगरी होतीच, पण त्या वर्षी तिचे बूड एका जागी टेकेना. ती कुंपणाच्या कडेने फेऱ्या मारी, धुतलेली भांडी पुन्हा धुई, रात्री भाचीला फोन करून विचारी, "तुझ्या शेजारणीचं पोरगं कुठल्या शाळेत घातलंय गं?"

पुढच्या जुलैत, ओळखीच्या शनिवारी सकाळी मुख्याध्यापक केओनी स्वयंपाकघरात आला. वयाने पस्तिशीचा, स्वभावाने सौम्य आणि आकड्यांनी गांजलेला.

"मावशी, एक मागणं आहे. आज पहिल्याच हाकेला ओ द्यायचा."

"हाक बेसूर आली तर?"

"तरी द्यायचा. बेसूर मुलंसुद्धा पटावर मोजली जातात."

"आणि पालक कुत्र्यासारखे भुंकले तर?"

"मावशी."

"बरं बरं. दिला शब्द." ती अळूचे कंद कुटू लागली, आणि जरा जास्तच जोरात कुटू लागली.

दहाच्या सुमारास फाटकाबाहेर पालक जमले. पायांत रबरी चपला, कडेवर पोरे, हातात फोन. लुइकाच्या आवाजातली हाक सर्वांना आधीच पाठवली होती, आणि बरेच जण ती कानाला लावून पुटपुटत होते. सर्वांत पुढे अर्नेस्ट सूझा होता, पोर्तुगीज आडनावाचा निवृत्त ट्रक ड्रायव्हर, नातवाला घेऊन आलेला. त्याच्या मागे रोविना पाकुई, दवाखान्यात काम करणारी फिलिपिनो बाई, लेक मेहानाचा हात धरून. रोविनाचा नवरा ड्वेन तेवढा मागे, आपल्या ट्रकला टेकून, टोपी हातात घेऊन उभा होता.

"लुइका, लवकर आटप गं," अर्नेस्टने फाटकावरून सांगितले. "तुझे पूर्वज थांबतील, माझं मूत्राशय थांबायचं नाही."

"घरून जाऊन यायचं होतंस, म्हाताऱ्या."

"गेलो होतो. दोनदा."

लोक हसले. लुइका शेडच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिली, आणि हाक आली.

वाईट नव्हती. अर्नेस्ट एक ओळ पुढे पळत होता, पण रोविनाचा आवाज नेटका होता आणि बाकीचे तिच्या पदराला धरून चालले होते. दिलेला शब्द पाळायला काही अडचण नव्हती. लुइकाने श्वास घेतला आणि ट्रकपाशी उभ्या माणसाकडे तिचे लक्ष गेले. ड्वेनचे ओठ मिटलेले होते. विसरलेल्या माणसाचे ओठ हलतात, लाजणाऱ्याचेही हलतात. याचे हलत नव्हते. हाक संपली. लुइकाच्या घशातून ओ निघाला नाही.

"चुकलं वाटतं," कुणीतरी म्हणाले.

त्यांनी पुन्हा म्हटले, या वेळी मोठ्याने आणि अधिक वाईट. केओनी लुइकाच्या बाजूला सरकला.

"मावशी, शब्द दिलाय तुम्ही."

"ठाऊक आहे."

"मग काय झालं?"

"तो मागत नाहीये."

"कोण? ड्वेन? मावशी, त्याची बायको दोघांपुरतं मागतेय. तिघांपुरतं. ओ द्या."

"देते की. येत नाहीये."

हे खरे होते की हट्ट होता, हे केओनीला कळले नाही. बाहेर चुळबुळ वाढली. एक मूल रडू लागले. रोविनाने मागे वळून नवऱ्याकडे पाहिले. ते पाहणे साऱ्यांना दिसले. ड्वेनने टोपी डोक्यावर चढवली आणि ट्रकचे दार उघडले.

ते दार उघडताना पाहून लुइका चालू लागली. ओ देणाऱ्याने जागा सोडायची नसते. ती सोडून, फाटक ओलांडून, पालकांमधून वाट काढत ती ट्रकपाशी पोचली. गाडीचे दार तिने हाताने अडवले.

"कुठे निघालास?"

"कुठं नाही, मावशी. गाडीत बसतो. रोविना जाईल आत."

"तुला येत नाही म्हणून? अरे, अर्नेस्टला शिंकसुद्धा पोर्तुगीज येते. तो बघ कसा पुढे उभा राहिलाय."

"मला येतं."

"काय येतं?"

"सगळं येतं. तुमच्या फोनवरचं ऐकलं. दुसऱ्या ओळीत तुम्ही मध्येच श्वास तोडता. तिथं तोडायचा नसतो."

लुइकाने एवढ्या वर्षांत तो श्वास तिथेच तोडला होता, आणि हे तिला कुणी सांगितले नव्हते.

"कुणी शिकवलं तुला?"

ड्वेनने दारावरचा तिचा हात पाहिला. "आज मागता येणार नाही, मावशी. खोटं मागून मी आत येणार नाही. पोरीला घ्या."

"आईबाप मागतात तेव्हा पोर आत जातं."

"मग रोविना मागतेय ना. तिला का थांबवलंत?"

ड्वेनचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो अधिक लागला. तिने दारावरचा हात काढला.

"बरं. तू मागू नकोस," ती म्हणाली. "पण गाडीत नको बसू. इथे उभा राहा. मी शेजारी उभी राहते."

"मग आतून कोण देणार?"

लुइकाने केओनीकडे पाहिले आणि हाताने खूण केली: तू दे. केओनीने स्वतःच्या छातीकडे बोट दाखवले. मी? तिने मान हलवली, आणि बाहेरच्यांना म्हणाली, "चला, पुन्हा एकदा. अर्नेस्ट, या वेळी आमच्याबरोबर."

तिसरी हाक तिने पालकांमध्ये उभी राहून म्हटली. दुसऱ्या ओळीत ती श्वास तोडणार होती, तोडला नाही. शेवटची ओळ संपली, आणि आतून काहीच आले नाही.

केओनी शेडच्या अंधारात उभा होता. बाहेरच्या लख्ख उन्हातून त्याचा चेहरा दिसत नव्हता. तो शब्द आठवत होता, की घसा साफ करत होता, की आपली हाक खरेच वाईट झाली होती? बाहेर उभ्या माणसाला यांतले काहीच कळत नाही, हे लुइकाला त्या क्षणी समजले. आत असताना ती शांतता तिची असे. तिला ठाऊक असे, की आता देणार आहोत, जरा थांबलोय इतकेच. बाहेरून त्या शांततेला काहीच आकार नव्हता. ती नकारासारखी होती. शेजारी रोविनाने मेहानाचा हात इतका घट्ट धरला होता, की पोरगी म्हणाली, "आई, दुखतंय." लुइकाचे पाय निघून जाऊ या म्हणू लागले. तिची स्वतःची शाळा होती, तरीही.

मग केओनीचा ओ आला. आवाज मध्येच फाटला आणि सावरला. शेवटचा स्वर पत्र्यापर्यंत काही पोचला नाही, पण फाटकापर्यंत पोचला.

लोक आत गेले. चपला उंबऱ्याबाहेर राहिल्या. अर्नेस्ट आधी मोरीकडे गेला. लुइकाने पालकांना सांगायचे ते सांगितले: मुले दुपारपर्यंत इंग्रजी बोलणार नाहीत, महिन्यातून एक शनिवार आईबापांनी अळूच्या वाफ्यात राबायचे, डब्यात रंगीत पाणी नको, आणि घरी गेल्यावर "आज काय शिकलीस" असे विचारून पोराचे डोके खायचे नाही. कुणीतरी विचारले, "पण इंग्रजी वाचता येईल ना पुढं?"

"येईल. मला येत होतं, ते काही विसरले नाही," लुइका म्हणाली. "दुसरंच विसरले होते."

एरवी ती इथे तासभर बोलत असे. त्या दिवशी चार वेळा दारापर्यंत जाऊन आली. ड्वेन ट्रकपाशी उन्हातच उभा होता. तिने त्याला पोई, म्हणजे कुटलेल्या अळूच्या कंदांचा लगदा, आणि खारवलेला मासा ताटलीत नेऊन दिला. त्याने तो उभ्यानेच खाल्ला आणि ताटली धुऊन हवी का असे विचारले. मेहानाचे नाव बालवर्गात लागले. त्या वर्षी वर्ग पहिलीला जोडावा लागला नाही.

दुसऱ्या आठवड्यात लुइका केओनीला म्हणाली, "जुलैतला ओ आता तू द्यायचास. मी बाहेर उभी राहणार."

"माझा आवाज फाटतो, मावशी."

"फाटू दे. पण लवकर दे."

तेव्हापासून ओळखीच्या शनिवारी ती पालकांमध्ये असते. एका जागी उभी राहणे तिला अजून जमत नाही. हाक संपून ओ येईपर्यंत ती एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत राहते, आणि शेजारचे पालक तिला घाबरू नका म्हणतात.

ड्वेन पाकुई मेहानाला शाळा भरताना फाटकापर्यंत सोडत असे. तो आत कधी आला नाही. ती हाक त्याला कुणी शिकवली, हे रोविनाला माहीत नाही. निदान ती तसे सांगते. त्याच्या घरच्या माणसांत ती जाणणारे कुणी होते, असे सांगणारा माणूस अजून भेटलेला नाही. त्या दिवशी त्याने का मागितले नाही, हे लुइकाने त्याला पुन्हा विचारले नाही, आणि त्याने सांगितलेही नाही. पहिल्या हाकेला लुइकाच्या घशातून ओ का निघाला नाही, याबद्दल ती स्वतः दोन वेगवेगळ्या दिवशी दोन वेगवेगळी कारणे देते. त्यांतले कोणते खरे, हे माहीत नाही.