पेन्सिलरावांनी पाहिलेला मसुदा

औषध नियंत्रण खात्यात त्यांना सगळे पेन्सिलराव म्हणत. नशा आणणाऱ्या औषधांचे नियम वरिष्ठांनी लिहायचे आणि त्यातल्या चुका पेन्सिलरावांनी समासात पेन्सिलीने दाखवायच्या, अशी तिथली रीत. नंतर खोडरबर फिरवला की वरिष्ठांची अब्रू शाबूत! बावीस वर्षं ही सेवा केली, आणि संचालकाची खुर्ची मिळाली कोणाला? ज्याला त्यांनी साधं टिपण लिहायला शिकवलं, त्या कालच्या पोराला. त्याने नुसते खिडकीचे पडदे बदलले तरी लोक वा वा करत. पेन्सिलरावांच्या मात्र पोटात दुखे.

मग असह्य वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्यांचा नवा नियम आला. गोळ्या चोरून विकल्या जात होत्या, म्हणून यापुढे त्या फक्त मोठ्या रुग्णालयांत ठेवायच्या. पण घरोघरी जाऊन रुग्णांना त्या देणाऱ्या नर्सना असलेली जुनी सूट संचालकाच्या मसुद्यात उतरवायची राहून गेली होती. पेन्सिलरावांनी ते पाहिलं. पुन्हा एकदा पाहिलं. मग खाली ‘पाहिले’ असं लिहून सही ठोकली. पडू दे पोराला एकदा तोंडावर!

त्यांची बायकोही अशीच घरोघरी जाणारी नर्स. नियम लागू झाला त्या संध्याकाळी ती घरी आली ती मटकन खुर्चीत बसली.

"गोळ्या काढून घेतल्या हो माझ्याकडून. पलीकडच्या गल्लीतले ते कॅन्सर झालेले मास्तर दिवसभर तळमळतायत. मी काय करणार? नुसता हात धरून बसले."

पेन्सिलरावांनी ताट बाजूला सारलं. उद्या जाऊन संचालकाला चूक सांगायची, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी काही जीभ रेटली नाही.

शेवटी बायकोनेच संचालकाला पत्र लिहिलं. तिसऱ्या दिवशी त्याने सगळ्या खात्याला बोलावलं. "चूक माझी आहे. मसुदा मी लिहिला होता," एवढंच म्हणाला. पेन्सिलरावांच्या सहीचा त्याने उल्लेखसुद्धा केला नाही. दुपारपर्यंत सुधारित आदेश निघाला.

"माणूस असावा तर असा," संध्याकाळी बायको म्हणाली. "स्वतः फोन करून माफी मागितली त्याने माझी. पण मास्तर पहाटेच गेले. शेवटपर्यंत कण्हत होते." मग तिने विचारलं, "तुम्ही वाचला होता ना तो मसुदा?"

"घाईत होतो," पेन्सिलराव म्हणाले.

संचालकाची खुर्ची हुकली तेव्हाही एवढा जळफळाट झाला नव्हता. भरल्या खात्यासमोर जे त्या पोराला म्हणता आलं, ते यांना घरातल्या एका माणसासमोर म्हणवत नव्हतं.