फणसावर धाडलेला देवचार

डिचोलीच्या खाणी जोरात होत्या तेव्हा मी पोकलेन चालवत होतो. खाणी बंद पडल्या, तेव्हा माझ्या बरोबरीच्या काहींनी टॅक्सी घेतली, काहींनी ट्रक विकून दुकान घातले आणि मी झाडे कापायला लागलो. बायकोचे म्हणणे असे, की जमीन पोखरून समाधान झाले नाही म्हणून हा आता वर चढला. तिचे सगळेच मनावर घ्यायचे नाही हे मी लग्नानंतर लवकरच ठरवून टाकले. पण हाताला एकदा दांड्यांची सवय लागली, की माणसाला मशिनीशिवाय करमत नाही, हे मात्र खरे. म्हापशाला एका भंगारवाल्याच्या आवारात ट्रकवर बसवलेली जुनी लिफ्ट दिसली, विजेचे खांब दुरुस्त करायला वापरतात तसली, टोकाला माणूस उभा राहील एवढा पाळणा असलेली. मी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि घरी न विचारताच ती घेऊन आलो. घरी काय झाले ते इथे सांगण्यासारखे नाही.

लिफ्टबरोबर एक मोठा चेनसॉ, एक धाकटा, दोरांची वेटोळी आणि एक भागीदार, एवढा आमचा संसार. भागीदार दोडामार्गचा. खाणीवर आम्ही एकत्र होतो. लहानपणापासून माडा-पोफळींवर चढलेला हा माणूस माझ्या पाळण्यात पाय ठेवायला तयार नसतो. त्याच्या मते जी गोष्ट पेट्रोल पिते तिच्यावर जीव टाकू नये. त्यामुळे लिफ्ट पोचते तिथवर मी जातो आणि त्याच्या पुढे तो दोर बांधून चढतो. दिवसभर एकमेकांना वरून खालून शिव्या देत काम छान होते.

आमच्या धंद्यात एक नियम आहे, आणि तो मशिनीच्या पुस्तकात नाही. झाडाला सॉ लावण्यापूर्वी गाऱ्हाणे घालायचे. बुंध्याशी नारळ, विडी आणि द्रोणात थोडी दारू ठेवायची. काजूचे दिवस असले तर बोंडूंची ताजी दारू, हुर्राक. मग झाडावर जो कोणी राहत असेल त्याला सांगायचे, की बाबा, हे झाड आता जाणार, तू दुसरीकडे वस्ती कर. हा जो कोणी म्हणजे आमच्याकडचा देवचार. त्याला भूत म्हटलेले कोणाला आवडत नाही. हातात काठी आणि खांद्यावर कांबळे घेऊन सीमेवरून फिरणारा तो गावचा राखणदार. त्याला नुसते जा म्हणून भागत नाही, कुठे जा तेही सांगावे लागते. आणि ती नवी जागा ज्याची असेल त्याने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला हवे. खोली खाली करायला सांगणाऱ्याने दुसरी खोली दाखवावी, तसेच हे. माझा देवचारावर विश्वास आहे का, असे बरीच गिऱ्हाइके विचारतात. नाही, असे मी सांगतो, पण झाडाखाली उभा असताना सांगत नाही.

तर पेडण्याकडच्या एका गावात आम्ही वठलेला आंबा उतरवायला गेलो होतो. मालक पणजीला सरकारी कचेरीत नोकरीला, दोन दिवस रजा काढून आलेला. आंब्याच्या जागी त्याला गाडीसाठी सिमेंटचा कोबा घालायचा होता. कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे एक लहानसे कौलारू घर, आणि त्या घराच्या स्वयंपाकघरावर वाकलेला एक जुना फणस. घरात एक काकी एकट्याच राहायच्या. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षे झालेली. आम्ही पोचलो तेव्हा त्या अंगणात पसरलेली भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोले उलथत होत्या.

भागीदाराला त्या दिवशी घाई होती. गावी भाच्याचे बारसे होते आणि दुपारपर्यंत निघायचे होते. त्याने नारळ ठेवला, हुर्राक ओतली, त्यातली उरलेली स्वतः घेतली आणि गाऱ्हाणे सुरू केले. "बा देवा म्हाराजा, ह्या आंब्यार जो कोण असात, तेना हयसून उठान त्या पलीकडच्या फणसार जावन रवाचा, रे म्हाराजा." खरे तर गाऱ्हाण्यात लांबच्या एखाद्या रानझाडाचे नाव घेतात. पण समोर फणस दिसला आणि त्याने फणस म्हटले. मालक आणि मी "व्हय म्हाराजा" म्हणालो. आणि गडग्यापलीकडून, सोले उलथता उलथता, मानही वर न करता काकीही म्हणाल्या, "व्हय म्हाराजा." जन्मभर देवळात म्हणत आल्या होत्या. कोणी गाऱ्हाणे घातले की तोंडातून ते आपोआपच बाहेर पडते. आमच्यापैकी कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही.

आंबा अर्धा उतरला होता तेव्हा काकी गडग्याशी आल्या आणि त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. पलीकडे त्यांचा पुण्याचा मुलगा. सभ्य माणूस. गेल्या पावसात फणसाची एक फांदी कौलांतून थेट आईच्या खाटेशेजारी पडली होती. बुंध्याला ढोली पडलेली. वन खात्याची परवानगी काढून झाली होती, फक्त कापणारा मिळत नव्हता. तुमची मशीन तिथे आहेच तर उद्या एवढे करून टाका, असे तो म्हणाला. मग म्हणाला, की रविवारपर्यंत झाड उतरले नाही तर मी गाडी घेऊन येतो आणि आईला पुण्याला आणतो, घराला कुलूप. ती एकटी असते, मला झोप लागत नाही. मी हो म्हटले. असली कामे मला आवडतात. एक झाड, वाकलेले, खाली कौले. डोके लावावे लागते.

फोन परत घेताना काकी हळूच म्हणाल्या, "बाबा, ह्या काम कर. थंय तिसऱ्या माळ्यार रवाचा. दार उघडला की समोर दुसऱ्याचा दार." त्या हसत होत्या, पण मोबाईल त्यांनी पदरात दोन-तीनदा गुंडाळला. मला वाईट वाटले. माझ्या आईलाही आम्ही डिचोलीच्या फ्लॅटमध्ये आणली होती, आणि ती रोज सकाळी बाल्कनीत उभी राहून कोणाच्या तरी नावाने हाक मारायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागीदार बारशाचे लाडू घेऊन हजर झाला. मी सॉच्या साखळीला कानस मारत बसलो होतो. आज फणस, असे मी सांगितले. त्याने लाडवाचा डबा ट्रकच्या टपावर ठेवला, फणसाकडे पाहिले आणि तो चक्क खाली बसला.

काल तिथे कोणाला पाठवले, असे त्याने मला विचारले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटले, मग आज पुन्हा गाऱ्हाणे घालू आणि आणखी पुढे पाठवू, त्यात काय? त्यात बरेच काही होते. जागामालकिणीने व्हय म्हटल्यावर एका रात्रीत उठवायचे म्हणजे देवचाराची थट्टा. उठवायचेच तर त्याला आधीपेक्षा चांगली जागा द्यायला हवी आणि तिथल्या मालकाने तोंडाने व्हय म्हणायला हवे. नाहीतर मी ह्या झाडावर चढत नाही, आणि तूही चढू नको, असे तो म्हणाला. आणि मी याच्याशिवाय ते झाड उतरवू शकत नव्हतो, कारण लिफ्ट घराच्या मागच्या बाजूला जात नव्हती.

मग आमची वरात निघाली. आंब्याचा मालक म्हणाला, माझ्याकडे आता झाडच नाही, कोबा होणार आहे. डोंगरावरच्या काजूच्या बागाइतदाराने आमचे सगळे शांतपणे ऐकून घेतले, चहा पाजला आणि सांगितले, की माझ्याकडे काजू वेचायला बाया येतात, त्यांना भीती घालू नका. देवळाच्या वडाचे म्हणावे, तर त्यावर आधीच एक आहे आणि दोघांचे पटायचे नाही. शिवाय त्यासाठी देवळाचा कारभार बघणाऱ्या महाजनांची सभा बोलवावी लागेल, आणि आमच्याकडे महाजनांची सभा झाली म्हणजे कोर्टाची तारीख पडलीच. एका म्हाताऱ्याने आपला माड देऊ केला, पण त्याचा मुलगा मोटारसायकलवरून उतरला आणि बापाला घरात घेऊन गेला. दुपारपर्यंत सगळ्या वाड्याला कळले होते, की डिचोलीचे मशीनवाले काकींच्या फणसावर देवचार सोडून गेले.

मी तापट माणूस आहे. परत येऊन मी म्हटले, जाऊ दे सगळे, खालच्या फांद्या मी एकटा घेतो. धाकटा सॉ उचलला, दोरी खेचली. सुरू होईना. पुन्हा खेचली. पेट्रोल जास्त झाले होते आणि प्लग ओला झाला होता. असे हजारदा होते, हे कोणत्याही मेकॅनिकला विचारा. पण गडग्यावर बसलेल्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले आणि त्यांच्यापैकी एकानेही प्लगचा विचार केला नाही. खरे सांगायचे तर दोरी खेचताना मीही एकदा वर पाहिले.

तेवढ्यात काकींचा मोबाईल वाजला. मुलगाच. झाले का म्हणून विचारत होता. काकींनी, चालू आहे, असे सांगितले आणि फोन ठेवून त्या पायरीवर बसल्या. व्हय माझ्याच तोंडातून गेले, दोष कोणाचा नाही, असे त्या म्हणाल्या. भागीदाराची मान खाली गेली. एवढा दांडगा माणूस, पण पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मला त्याचाही राग आला आणि स्वतःचाही. एका फणसासाठी बाईचे घर जाते आहे आणि आम्ही दोन मशिनी घेऊन बसलो आहोत.

मग काकी उठल्या, आत गेल्या आणि नारळ घेऊन आल्या. आमच्याकडे गाऱ्हाणे पुरुष घालतात. कोणी तरी गडग्यावरून तसे बोललेही. काकींनी त्याच्याकडे अंगणवाडीतल्या पोराकडे बघावे तसे पाहिले. फणसाच्या बुंध्याशी नारळ ठेवला, पदर खोचला आणि हात जोडले.

"बा म्हाराजा, ह्येंनी तुका माझ्या फणसार धाडल्यानी, आणि मी व्हय म्हटलंय. मी शब्द फिरवीत नाय. पण फणस आता पडतलो. तेव्हा तू भायर रव नको, माझ्या घरात ये. ओट्यार रव, माळ्यार रव, तुका बरा वाटात थंय रव. घरात दुसरा कोण नाय. मी तुका हाकलूचंय नाय. तू माका हयसून जावक देव नको, रे म्हाराजा."

देवचार झाडावर असतो, पाणंदीत असतो, व्हाळाच्या पाण्याकाठी असतो. त्याला कोणी घरात बोलावल्याचे मी कधी ऐकले नव्हते. भागीदाराने माझ्याकडे पाहिले. त्याचे तोंड उघडेच होते. कोणी तरी उत्तर देणे भाग होते, नाहीतर गाऱ्हाणे लागू होत नाही. तेव्हा मीच, विश्वास नसलेला माणूस, घसा खाकरून मोठ्याने म्हणालो, "व्हय म्हाराजा." मग भागीदार म्हणाला आणि मग गडग्यावरचे सगळे. काकींनी जाऊन पुढचे दार उघडे केले आणि थोडा वेळ त्या दाराच्या बाजूला उभ्या राहिल्या, पाहुणा आत जाईपर्यंत उभे राहतात तशा.

प्लग पुसून बसवला. सॉ पहिल्याच खेचीला सुरू झाला आणि गडग्यावरच्यांनी पुन्हा एकमेकांकडे पाहिले. भागीदार दोर कमरेला बांधून सरसर वर गेला. एकेक फांदी आधी बांधायची, मग कापायची, मग मी दुसऱ्या झाडाच्या बुंध्याला घातलेल्या दोराच्या वेढ्यावरून ती हळूहळू सोडायची. घाई केली की खालची कौले गेलीच. फणसाचा चीक साखळीत भरतो, सॉ चिकटतो, हात चिकटतात, शिव्यादेखील चिकटल्यासारख्या येतात. अधूनमधून कच्चे फणस उतरत होते आणि गडग्यावरचे भाजीसाठी उचलून नेत होते. देवचाराची भीती भाजीपर्यंत टिकली नाही. उन्हे कलली तेव्हा बुंधा आडवा झाला. स्वयंपाकघराची सगळी कौले जागच्या जागी होती. भागीदार खाली आला आणि जमिनीवर उताणा पडला. मी त्याच्या तोंडात लाडू घातला.

काकींनी मुलाला फोन लावला. कानाला कमी ऐकू येते म्हणून त्या तो नेहमी स्पीकरवर ठेवायच्या. झाड गेले, कौले शाबूत आहेत, आता रविवारी येऊ नको, असे त्यांनी सांगितले. मुलाला बरे वाटले ते आवाजात कळले. पण तरी तो म्हणाला, की झाड गेले म्हणून काय झाले, तू तिथे एकटी असतेस ते असतेसच.

"एकटी खंय?" काकी म्हणाल्या. आणि त्यांनी त्याला सगळे सांगितले, आंब्यापासून उघड्या दारापर्यंत.

मी दोर गुंडाळत होतो, तो थांबलो. पुण्यातला इंजिनियर. आता हा हसणार, किंवा चिडणार, किंवा उद्याच गाडी घेऊन येणार, असे मला वाटले. काकी मोबाईल दोन्ही हातांत धरून त्याच्याकडे बघत होत्या.

"मगे तेका सांग," मुलगा म्हणाला, "माझ्या आवशीवर लक्ष ठेव."